माँटिसेलोचे झाकलेले मजले

अमेरिकेचे पाच सेंटांचे नाणे ज्यांच्या हाती आले असेल, त्यांनी बहुधा माँटिसेलो पाहिलेले आहे. १९३८ पासून, मधला थोडा काळ वगळता, त्या नाण्याच्या एका अंगावर हेच घर आहे : मध्ये घुमट, पुढे खांबांचा मंडप, दोहो अंगांना बेताचा विस्तार. नाण्याएवढ्या जागेतही ते डौल सोडत नाही. एवढ्यावरून त्याच्या प्रमाणबद्धतेची कल्पना यावी.

व्हर्जिनियात शार्लट्सव्हिल गावाबाहेरच्या टेकडीवर थॉमस जेफर्सनने हे घर १७६९ च्या सुमारास बांधावयास घेतले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्याला नव्हते. इटलीच्या पलाडिओचे ग्रंथ हाच गुरू. पुढे १७८४ ते १७८९ तो फ्रान्समध्ये राहिला, पॅरिसमधली नवी घरे पाहून आला, आणि १७९६ पासून पहिल्या घराची मोडतोड करून १८०९ पर्यंत त्याने दुसरे उभे केले. ‘घर पाहावे बांधून’ हा अनुभव या गृहस्थाने एकाच जागी दोनदा घेतला!

पॅरिसमध्ये त्याला एक गोष्ट फार आवडली होती. तिथली घरे बाहेरून एकमजली दिसत. माँटिसेलोही तसेच दिसते. प्रत्यक्षात आत तीन मजले आहेत. दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या थेट जमिनीलगत घेतल्या आहेत, त्यामुळे बाहेरून त्या खालच्याच उंच खिडक्यांचा वरचा भाग वाटतात. युक्ती अप्रतिम आहे, यात शंका नाही. परंतु तिची किंमत वर निजणाऱ्यांनी मोजली. त्यांच्या खोलीतला उजेड गुडघ्याशी येतो. वर जाणारे जिने अवघे दोन फूट रुंद. खुद्द घरधन्याचा निवास मात्र तळमजल्यावर : शेजारी ग्रंथालय, आणि निजण्याची खोली व लिहिण्याची खोली यांच्या मधोमध दोन्हीकडून मोकळा असा पलंग. घुमटाखालची अष्टकोनी खोली घरातली सर्वांत देखणी. पण त्याच चिंचोळ्या जिन्यांनी तिथे जावे लागत असल्याने तिचा उपयोग फारसा झालाच नाही. पुढे तर तिथे अडगळ साठली. दर्शनी रूपासाठी राहत्या माणसाची गैरसोय करणे हा, माझ्या मते, या वास्तूतला खरा दोष आहे.

खाली उतरले की हाच दोष निराळे रूप घेतो. स्वयंपाकघर, कोठ्या, नोकरांच्या खोल्या हे सारे दोन लांब ओळींत, टेकडीच्या उतारात बसविलेले आहे. त्यांचे छप्पर म्हणजे वरची फिरण्याची गच्ची. हिरवळीवर उभा राहिलेला पाहुणा नजर टाकी, तेव्हा त्याला दूरचे डोंगर दिसत. चुलीचा धूर आणि घागरी वाहणारी माणसे दिसत नसत. जेवणघराच्या भिंतीत मधल्या कण्यावर फिरणारे एक दार आहे, त्याच्या एका अंगाला फळ्या. पलीकडून ताटे ठेवायची, दार फिरवायचे, की जेवण आत. शेगडीच्या दोन्ही बाजूंना दोराने वरखाली होणाऱ्या लहान पेट्या. तळघरातून मद्याच्या बाटल्या त्यांतून वर येत. जेवणाऱ्याला वाढणाऱ्याचा हातही दिसू नये, अशी ही तजवीज.

या सोयींचे कौतुक पुष्कळ झाले आहे. जेफर्सनची कल्पकता, जेफर्सनची यंत्रप्रीती! पण ती माणसे कोण? सर्व माणसे समान आहेत असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या पुरुषाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. या घरातले उत्कृष्ट लाकूडकाम जॉन हेमिंग्स या गुलाम सुताराच्या हातचे आहे. फिरत्या दारातून येणारे फ्रेंच धर्तीचे पदार्थ शिजवी ती ईडिथ फॉसेट. जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी मोठे कर्ज मागे ठेवून वारला. ईडिथचा नवरा जोसेफ, लोहार, मृत्युपत्राने मुक्त झाला. परंतु जानेवारी १८२७ मध्ये याच टेकडीवर जो लिलाव पुकारला गेला, त्यात ईडिथ आणि तिची मुले विकली गेली.

मोठ्या घरांत नोकरांना मागचा जिना असतो, यात नवे काय, असे कोणी म्हणेल. खरे आहे, युरोपात तो सर्रास होता. परंतु तिथल्या सरदाराने समतेची द्वाही फिरवली नव्हती. माँटिसेलोची रचना जितकी चतुर, तितकी ती आपल्या धन्याची अडचण उघड करते. मला तर ते घड्याळच बोलके वाटते. द्वारदालनात तोफेच्या गोळ्यांच्या वजनांवर चालणारे मोठे घड्याळ आहे. वजने उतरत जातील तसे वार कळतात, आणि भिंत अपुरी पडल्याने शनिवार जमिनीला भोक पाडून तळघरात गेला आहे. या घड्याळाची आतली तबकडी सेकंदापर्यंत वेळ दाखवते. बाहेरच्या तबकडीला फक्त तासकाटा आहे. शेतावर राबणाऱ्यांना तेवढे पुरे, असा हिशेब.

आज हे घर १९२३ मध्ये स्थापन झालेल्या एका न्यासाकडे आहे, आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत. गच्चीखालच्या खोल्या आता खुल्या आहेत. सॅली हेमिंग्स जिथे राहिली असे मानतात, ती खोलीही २०१८ पासून दाखवतात. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे तिकडे असतात. वॉशिंग्टनहून मोटारीने अडीच-तीन तासांची वाट आहे. गेलात तर घुमटाकडे मागाहून जा. आधी खालच्या स्वयंपाकघरात उतरा, आणि तिथून ताटे ज्या वाटेने वर जात, त्याच वाटेने जेवणघराशी या.