रामबाण म्हणण्यापूर्वी

आमच्या लाखनीतल्या एका विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या मुलींनी थर्माकोलची गाठ केली होती आणि तिला सगळीकडून चिकटवलेले सोनेरी मणी. खाली पाटी : ‘नॅनोकण – कर्करोगावर रामबाण’. मजकूर कुठला, असे विचारल्यावर एका लोकप्रिय लेखाचे कात्रण पुढे आले. मुलींचे कष्ट मोलाचेच. तक्रार आहे ती अशा लेखांबद्दल.

रामबाण नेम धरून सुटतो. नॅनोकण मात्र रक्ताबरोबर वाहत जातात. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या आणि गळक्या असतात. त्यांच्या फटींतून काही कण बाहेर पडून तिथे साचतात. मात्सुमुरा व माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये हे मांडले. पण किती कण? आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग २०१६ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा मध्यक निघाला ०.७ टक्के. हजारात सात! उरलेल्यांपैकी बरेच यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात. लेखात याचा उल्लेखही नाही.

म्हणून सारे फोल ठरते असे नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॉक्सिलमध्ये डॉक्सोरुबिसिन हे जुनेच औषध मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले असते. त्याचा ठळक फायदा म्हणजे हृदयाला होणारी इजा घटली. रोग्याला ही गोष्ट लहान नाही, पण ‘रामबाण’ या शब्दात ती मावत नाही.

खरा राग येतो तो गवती चहाच्या परिच्छेदाचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले. ते अवरक्त प्रकाश शोषून तापतात. या उष्णतेने गाठ मारता येईल, अशी ती शक्यता. लेखात तिचे झाले ‘गवती चहा कर्करोग बरा करतो’. आमच्या भागात पानठेल्यांवर खर्रा घोटला जातो. तोंडात उभी तीन बोटे जाईनाशी झालेला माणूस हे वाक्य वाचून दवाखान्याऐवजी परसात गेला, तर?

मुलींना मी ०.७ चा आकडा सांगितला. त्यांनी हजार मणी मोजायला घेतले. सात गाठीला लावले, आणि एकीने विचारले, “सर, यकृत केवढे करायचे?”