अठरा थाऊ वर, सोळा थाऊ खाली

जुन्या महिंद्रा जीपचं बॉनेट एवढं उंच का, याचं उत्तर अंजनगावच्या कुठल्याही जुन्या गॅरेजात बॉनेट उघडताच मिळतं. आठांपैकी चार व्हॉल्व्ह वर हेडमध्ये चढून बसलेत आणि त्यांच्याही डोक्यावर कार्बोरेटर आहे.

आधीच्या विलीज जीपचं 'गो डेव्हिल' इंजिन बार्नी रूस यांनी घडवलं. त्यात आठही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे होते आणि हेड म्हणजे नुसतं झाकण. ताकद ६० अश्वशक्ती. पुढच्या 'हरिकेन'मध्ये इनटेक वर नेले, एक्झॉस्ट होते तिथेच राहिले, २.२ लिटरचा आकार तोच ठेवला आणि ताकद ७०च्या पुढे गेली. हे इंजिन मावावं म्हणून १९५३च्या सीजे-३बीचं बॉनेट उंचावलं; तीच जीप महिंद्राने पुढे वर्षानुवर्षं बनवली. अर्धवट सुधारणा म्हणून कुणी नाक मुरडेल. मला यात रचनाकाराची काटकसर दिसते. श्वास मोठा हवा होता, म्हणून फक्त श्वासाची वाट मोठी केली.

गंमत अशी की 'इनटेक वर, एक्झॉस्ट खाली' ही मांडणी मोटारीच्या बाळपणातली. तेव्हा इनटेकला कॅमही नसे. पिस्टन खाली गेला की ओढीनेच तो उघडायचा. कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टॅपेटला फट जुळवायचा स्क्रू नसण्याचा काळही फार दूरचा नाही. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक घासून फट जुळवत, आणि जास्त घासलं गेलं तर नवा व्हॉल्व्ह! त्यामानाने जीपचा स्क्रू म्हणजे चैनच.

ही फट ठेवायची ती तापलेल्या लोखंडासाठी. शकुंतला रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात वऱ्हाडी उन्हाळ्यासाठी जागा सोडावी लागे, तशीच ही. फट उरली नाही तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही. त्याची बहुतेक उष्णता सीटमधूनच बाहेर पडत असते. ती वाट बंद झाली की कड जळते, कॉम्प्रेशन जातं. किंचित जास्त फट फक्त आवाज करते आणि थोडी ताकद खाते. म्हणून इकडचा मिस्त्री सांगतो, "वाजू द्या ना भाऊ थोडा, चूप बसला त जळला समजा."

हरिकेनचं माप गार इंजिनवर घ्यायचं : इनटेक ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. एक्झॉस्ट जास्त तापतो, मग फट त्याची कमी कशी? कारण दोन्ही मापं एका जागी घेतलेली नाहीत. खालची थेट टॅपेट आणि दांडी यांच्यामधली, तर वरची पुशरॉड आणि रॉकर ओलांडून, रॉकरच्या पलीकडच्या टोकाशी. कॅमशाफ्ट मात्र दोघांना एकच. ती ब्लॉकमध्ये बसून खालच्याला सरळ ढकलते, आणि वरच्याला उलटा हिसका देऊन खाली दाबते. एका दांड्याची ही दुहेरी चाकरी पाहत राहावी अशी आहे.

सेटिंगही दोन तऱ्हांचं. वर रॉकरवर नट सैल करून स्क्रूड्रायव्हर फिरवायचा. खाली मॅनिफोल्डच्या आड, बाजूचं कव्हर काढून, दोन पातळ पाने अडकवत बसायचं. हॅन्डल हळू मारत चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना पकडले की पहिल्याचे दोन्ही मिटलेले. फायरिंग १-३-४-२, म्हणून जोडीची बेरीज नेहमी पाच.

फिलर गेजची पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. पण हाताला माप बरोबर लागूनही एखादा वरचा टॅपेट वाजतोच. अशा वेळी मुरलेला कारागीर स्क्रूला हात लावत नाही, रॉकर उतरवून उजेडात धरतो. वर्षानुवर्षं आपटून त्याच्या टोकाला खळगा पडलेला असतो. सपाट पट्टी त्या खळग्याच्या दोन काठांवर टेकते, खरी फट तिच्याखाली मोठीच राहते. ते टोक ऑइलस्टोनवर मूळच्या गोलाईत घासून, मग पुन्हा अठरा.