ऑर्गनपाशी बसलेली आई

मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या मातेचे, अल्बर्टा विल्यम्स किंग यांचे नाव मात्र फार थोड्यांच्या कानांवर आले असेल. ॲना मलैका टब्स या अमेरिकन लेखिकेने २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द थ्री मदर्स’ या ग्रंथात किंग, माल्कम एक्स आणि जेम्स बाल्डविन यांच्या मातांची चरित्रे एकत्र गुंफली आहेत. ग्रंथ स्वागतार्ह आहे. तथापि अल्बर्टाबाईंपुरती त्यात एक उणीव आम्हांला जाणवते.

अल्बर्टाबाई या अटलांटा येथील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चच्या पाळकांची कन्या. बॅप्टिस्ट परंपरेत आपल्यासारखे बिशप नाहीत. प्रत्येक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते आणि उपासनेचा भार मुख्यतः प्रवचन व गायन यांवर असतो. एबेनेझरचे व्यासपीठ आधी वडिलांकडे, १९३१ साली त्यांच्या निधनानंतर पतीकडे, आणि १९६० पासून पतीबरोबर पुत्राकडेही आले. गायन १९३२ पासून चाळीस वर्षे अल्बर्टाबाईंनी सांभाळले. १९२४ साली त्यांनी शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळविले होते. परंतु विवाहित स्त्रीला तेथे शाळेत ठेवीत नसत. १९२६ साली विवाह झाला नि अध्यापन सुटले. वर्ग गेला, गायकवृंद मिळाला.

टब्सबाईंच्या लेखनात एबेनेझर चर्च दिसते ते प्रामुख्याने सामाजिक न्यायाचे केंद्र म्हणून. ते खरेच तसे होते. पण अल्बर्टाबाईंची श्रद्धा पुत्राच्या चळवळीची शिदोरी म्हणूनच मोजली, तर रविवारमागून रविवार ऑर्गनपाशी बसणारी ती बाई हातून निसटते. त्यांनी लिहून ठेवलेले फारसे काही नाही, आणि जेथे कागद मुके आहेत तेथे लेखिका काळाचे वर्णन व अनुमान यांवर भागविते. आम्हांला वाटते, गायकवृंदाचा सराव हाच त्यांचा दस्तऐवज होता. त्याच्यापाशी अधिक थांबावयास हवे होते. (आपल्या धर्मग्रामांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका तरी काय वेगळे करतात? धर्मगुरूंची छायाचित्रे पानोपानी, आणि पेटी वाजविणारी बाई आभाराच्या एका ओळीत.)

पुत्राने मात्र आईची एक आठवण आपल्या १९५८ च्या पुस्तकात जपली आहे. गोऱ्या सोबत्यांचे खेळणे बंद झाले, तेव्हा तिने लहानग्याला मांडीवर घेऊन गुलामगिरीचा इतिहास सांगितला. हा भेद निसर्गाचा नव्हे, समाजाने केलेला आहे, आणि तू कोणाहूनही कमी नाहीस, असे बजावले. शाळेने दूर ठेवलेल्या शिक्षिकेचा हा पाठ होता. टब्सबाईंचे सर्वांत मोठे श्रेय हे, की अशा पाठाला त्या घरगुती माया न म्हणता विचार म्हणतात.

पुढील कथा सांगताना लेखणी जड होते. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन यांची हत्या झाली. १९६९ च्या जुलैत धाकटा पुत्र पाण्यात बुडून गेला. तरीही ३० जून १९७४ च्या रविवारी अल्बर्टाबाई ऑर्गनपाशीच होत्या. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेचे सूर त्या वाजवीत असता, ख्रिस्ती लोकांना शत्रू मानणाऱ्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाने गोळ्या झाडल्या. त्या गेल्या, एक डीकनही गेले. मारेकऱ्याला देहदंड ठोठावला गेला. १९९५ साली त्याचे जन्मठेपेत रूपांतर झाले, आणि त्यामागचे एक कारण किंग कुटुंबाचा देहदंडालाच असलेला विरोध हे होते.

पुत्राच्या मृत्यूवर ग्रंथालये भरली. मातेच्या मृत्यूची आठवण अमेरिकेतही पुसट झाली. या असमतोलावर टब्सबाई बोट ठेवतात, हे योग्यच. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि त्याच्या जोडीला थोरल्या किंगांचे १९८० सालचे आत्मचरित्र ‘डॅडी किंग’ही चाळावे. त्यात अल्बर्टाबाई चळवळीच्या माता म्हणून कमी, आणि पत्नी म्हणून अधिक भेटतात.