संमतिपत्रातला ‘मी’

संमतिपत्र हा प्रथमपुरुषी मजकूर. मात्र त्यातला ‘मी’ सही करणाऱ्याने लिहिलेला नसतो. म्हणूनच या मजकुराचीही समीक्षा व्हावी, असे मला वाटते. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा प्रकल्प शाळकरी मुलींवर राबवला गेला. संसदीय समितीच्या २०१३च्या अहवालानुसार तिथल्या तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. लस उपयुक्त आहे, हे मान्यच. पण त्या पत्रांतला ‘मी’ कोण? मुलगी नाही, तिचे आईबापही नाहीत. वॉर्डनची सही वरच्यांचा हुकूम पाळल्याची पोच ठरते. तिला मुलीची संमती कशी म्हणावी?