मालिकेचं गाव कुठलं?

बंगळुरूच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या गल्ल्यांतून फिरताना दखनी उर्दू कानावर पडते. तिचा ‘नक्को’ आणि शब्दाच्या शेपटीला चिकटलेला ‘च’ मराठीकडून गेलेला आहे. उर्दू, तमिळ आणि कन्नड बोलणाऱ्यांच्या या वस्तीत तो इतका मुरला आहे, की बोलणाऱ्याला तो परका वाटत नाही. भाषा शेजाऱ्याकडून घेते ती अशी: वापरून, झिजवून, आपल्या तोंडाला बसेल अशी करून. मराठी दूरचित्रवाणीने गेल्या काही वर्षांत चालवलेली उसनवारी मात्र अगदीच वेगळी आहे, आणि हा लेख तिच्यावरच्या रागातून लिहिला आहे.

जानेवारी २०२४ मध्ये झी कन्नडवर ‘लक्ष्मी निवास’ सुरू झाली. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच नावाची मालिका झी मराठीवर आली. स्वतःच्या घराचं स्वप्न जपणारं वयस्क जोडपं, मोठं कुटुंब, मुलं-सुना-लेकी. दोन्ही भाषा कळणाऱ्या बंगळुरूच्या मराठी घराला ही गोष्ट वर्षभर आधीच भेटलेली. वाहतूक एकेरीही नाही. ‘तुला पाहते रे’ संपली त्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती कन्नडात ‘जोते जोतेयलि’ झाली. ‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून, ‘आई कुठे काय करते’ बंगाली ‘श्रीमोयी’वरून, ‘रंग माझा वेगळा’ मल्याळम ‘करुत्तमुत्तु’वरून. यादी लांबेल.

रूपांतराला आक्षेप नाही. मराठी रंगभूमी शेक्सपिअर आणि मोलियेरच्या रूपांतरांवर वाढली. पण देवलांनी ‘संशयकल्लोळ’ मराठीत आणलं तेव्हा त्यातला संशय मराठी घरातला झाला होता. आजच्या मालिकांत घर बदलतच नाही. ते कोणत्या गावात आहे, तिथे पाणी किती वाजता येतं, महिनाअखेरीला किराणा कसा भरतात, धाकट्या भावाची नोकरी नेमकी कसली, याचा पत्ता लागत नाही. ‘आई कुठे काय करते’मध्ये मधुराणी प्रभुलकरांसारखी अभिनेत्री अरुंधतीत अधूनमधून खरी बाई उभी करायची. ते श्रेय तिचं, संहितेचं नाही.

मोठ्या पडद्यावर ‘फर्जंद’पासून ‘सुभेदार’पर्यंतच्या शिवपटांत घोषणा उतरल्यावर माणसाचं बोलणं फार थोडं उरतं. ‘बाईपण भारी देवा’ने २०२३ मध्ये बायकांना झुंडीने थिएटरात आणलं, ही मोठी गोष्ट, पटकथेत मात्र सहा बहिणींच्या वाट्याला एकेक अडचण येते आणि वेळेवर सुटते.

खरी चर्चा करावी ती जयंत सोमलकरच्या ‘स्थळ’ची. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारा बाप, शिकून स्पर्धा परीक्षा द्यायची इच्छा असलेली सविता. सुरुवातीलाच उलटा प्रसंग येतो: बायका बसल्या आहेत आणि मुलगा दाखवला जातो आहे. प्रेक्षक हसतो. मग सविता पाटावर बसते आणि तेच प्रश्न पुरुषांच्या तोंडून सुरू होतात: नाव, शिक्षण, उंची. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. मालिकाही तेच तेच दाखवते, पण तिला वेळ भरायचा असतो. ‘स्थळ’मध्ये प्रत्येक फेरीला सविताच्या चेहऱ्यावरचं काहीतरी विझतं, आणि आधी हसलेल्या प्रेक्षकाला आपलं हसू आठवून अस्वस्थ व्हायला होतं. सविता झालेली नंदिनी चिकटे आणि तिच्याभोवतीची माणसं त्याच मुलखातली. त्यांची बोली चव आणण्यासाठी वरून भुरभुरलेली नाही. पुण्याच्या मराठीत हा चित्रपट उभाच राहिला नसता.

रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ आणखी पुढे जातो. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. वडील गेल्यावर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचं सुतक, ‘लग्न कधी’ म्हणणारे नातेवाईक आणि बालपणीचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांमधलं प्रेम इथे भाषणाने सिद्ध करावं लागत नाही. सुतकाचे नियम, झाडाची सावली, आईचं मुलाला सांभाळून घेणं यांतूनच ते वाढतं. हा चित्रपट पाहताना शिवाजीनगरच्या प्रेक्षकाला राम रेड्डीचा कन्नड ‘तिथी’ आठवावा. मंड्या जिल्ह्यातल्या नोडेकोप्पलूत, गावच्याच माणसांना घेऊन केलेल्या त्या चित्रपटातही एका मृत्यूनंतरचे अकरा दिवस आहेत. एकाने दुसऱ्याचं काहीच घेतलेलं नाही. दोघंही आपापल्या मातीत इतके खोल उतरले, की शेजारी झाले.

मराठी-कन्नड शेजार खरा तो असा. शंकर नाग १९७९ च्या ‘२२ जून १८९७’च्या लेखनात सहभागी होते, गिरीश कार्नाड १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये स्मिता पाटीलसमोर उभे होते. तेव्हा सीमेपलीकडून माणसं यायची, त्यांच्याबरोबर त्यांची नजर यायची. आज हक्क विकत घेतलेला सांगाडा येतो.

वाहिन्यांची बाजू ठरलेली असते: आठवड्याला सहा-सात भाग, दुसऱ्या भाषेत चाललेली गोष्ट सुरक्षित, प्रेक्षकांना हेच हवं. हे शेवटचं वाक्य मान्य करता येत नाही. प्रेक्षकासमोर दुसरं ठेवलं कधी? क्वचित ठेवलं तेव्हा त्याने ते नाकारलं नाही. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी घराघरांत नेली, आणि घाटावरच्या लोकांनी ती आवडीने ऐकली. ‘सैराट’ त्याच वर्षी करमाळ्याकडची बोली घेऊन आला, आणि कन्नडात ‘मनसु मल्लिगे’ झाला तेव्हाही मूळची नायिका रिंकू राजगुरूच हवी झाली. म्हणजे बोलीने गिऱ्हाईक पळतं ही समजूत वाहिन्यांच्या स्वतःच्या अनुभवालाही धरून नाही.

म्हणून मागणी साधी आहे. संध्याकाळच्या इतक्या मालिकांपैकी एक अर्धा तास चंद्रपूरच्या, बेळगावच्या किंवा बंगळुरूतल्या मराठी घरातल्या लेखकाला द्या, आणि पहिल्या भागात त्याला गावाचं नाव सांगू द्या.