जिव्हाळ्याचे वर्तमानपत्र

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे, असा समज आहे. सकाळी वाचावे आणि सायंकाळी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधावयास जावे, हीच त्याची गती. असे असता एखादे पत्र बंद पडून वर्षे लोटली तरी वाचकांच्या मनातून जात नाही, याचे कारण काय असावे? 'मराठवाडा' या पत्राच्या उदाहरणाने आम्ही या प्रश्नाचा विचार करू इच्छितो.

निजामी राजवटीच्या अखेरच्या दशकात आ. कृ. वाघमारे यांनी हे पत्र चालविले. सरकारने बंदी घालावी आणि वाघमाऱ्यांनी नवे नाव देऊन तेच पत्र पुन्हा वाचकांच्या हाती ठेवावे, असा क्रम चालला. नाव बदलले तरी लेखणी बदलली नाही, आणि वाचक लेखणीच ओळखीत. आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

१९४८ साली हैदराबाद मुक्त झाल्यावर हा वारसा अनंत भालेराव यांनी अनेक दशके सांभाळला. औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूर हे गाव घ्या. ते पूर्वी परभणी जिल्ह्यात होते, १९९९ पासून हिंगोलीत आहे. अशा गावी मुंबई-पुण्याची पत्रे जगाची वार्ता आणीत. परंतु त्यांत त्या गावाची भूमिका केवळ ऐकणाऱ्याची. 'मराठवाड्या'त रेल्वे, पाणी, शिक्षण हे आपलेच प्रश्न अग्रलेखाच्या योग्यतेचे आहेत, असे त्या वाचकास प्रथम दिसले. इंग्लंडात 'मँचेस्टर गार्डियन'ची प्रतिष्ठा अशीच वाढली. सी. पी. स्कॉट हे १८७२ पासून १९२९ पर्यंत त्याचे संपादक होते. राजधानीबाहेरच्या त्या पत्रास साऱ्या जगाने मान दिला, तो एका माणसाच्या दीर्घ निष्ठेमुळे.

तथापि नुसत्या स्तुतीने टीकाकाराचे कर्तव्य संपत नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला, तेव्हा या पत्राने त्यास विरोध केला. त्या वेळी उसळलेल्या दंगलींत दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. निजामाच्या काळी 'मराठवाडा' हे नाव प्रतिकाराचे चिन्ह होते, म्हणून ते प्रिय, ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु प्रदेशावरील माया त्या प्रदेशातील सर्वांत उपेक्षित माणसापर्यंत पोहोचली पाहिजे. या प्रसंगी ती पोहोचली नाही, असेच आमचे मत आहे. १९९४ साली विद्यापीठाच्या नावात दोन्ही नावे एकत्र आली, यास सोळा वर्षे लागली.

मग हे पत्र आठवावे का? आमच्या मते अवश्य आठवावे. ज्या पत्रामागे कोणी माणूस दिसत नाही, त्याच्याशी कोणी भांडत नाही. त्याची रद्दी होते. 'मराठवाड्या'वर ज्यांनी प्रेम केले आणि ज्यांनी त्याचा राग धरला, त्या दोघांनाही त्यामागील माणूस दिसत होता. म्हणून महाविद्यालयांच्या व गावोगावच्या ग्रंथालयांत जेथे त्याचे जुने अंक असतील, तेथे ते बांधून जपावेत. आणि त्यांत १९७८ चे अंकही असावेत. पुढील पिढीने दोन्ही वाचून निर्णय करावा.