युद्धकाळातील बाबासाहेब आणि निवाड्याची मापे

1942 च्या जुलैत बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून गेले आणि पुढच्याच महिन्यात 'चले जाव'चा ठराव झाला. तारखांच्या या शेजारावरून पांढरपेशा समाजाने निकाल देऊन टाकला : देश तुरुंगात जात असताना हा माणूस सरकारात गेला. पुढे 1997 साली अरुण शौरी यांनी त्याच निकालाचे जाडजूड पुस्तक केले. आजही तो सभांतून आणि शिक्षकांच्या खोलीतून ऐकू येतो. हा निकाल कोणत्या मापाने दिला गेला, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

मी नाशिकचा. तुलनेसाठी मला लांब जावे लागत नाही. सावरकर जवळच्याच भगूरचे. हिंदुमहासभेचे अध्यक्ष असताना त्यांनी हिंदू तरुणांना इंग्रजांच्या सैन्यात शिरण्याचा आदेश दिला. आज शस्त्रविद्या पदरात पडू द्या, असा त्यामागचा हिशेब होता. त्याच विचारपरंपरेतील डॉ. मुंजे यांनी 1937 साली नाशकात भोसला मिलिटरी स्कूल काढले होते. दुसरीकडे, 1941 च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर हल्ला करताच कम्युनिस्टांनी साम्राज्यवादी युद्धाला काही महिन्यांतच लोकयुद्ध ठरवले. याच काळात बाबासाहेब महारांनी सैन्यात भरती व्हावे असे सांगत होते. कारणे तीन होती, पण तिन्ही वाटा युद्धप्रयत्नाला साहाय्य करण्याकडेच जात होत्या.

निवाडे मात्र निराळे झाले. सावरकरांच्या वाटेला त्यांचा वाचकवर्ग दूरदृष्टी म्हणतो. कम्युनिस्टांना देशद्रोही म्हटले गेले, हे खरे. तरीही त्यांची चूक ही सिद्धान्ताची चूक मानून तिच्यावर वाद झडले. बाबासाहेबांच्या वाट्याला 'इंग्रजांची चाकरी' हा शब्द आला. अस्पृश्याच्या राजकारणाला सिद्धान्त असू शकतो, हेच मुळात मान्य नव्हते. आमची वाट नेहमी पोटाची, त्यांची नेहमी तत्त्वाची!

वास्तविक या वाटेला इतिहास होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. पहिल्या महायुद्धात 1917 साली 111 वी महार पलटण उभारली गेली. गरज सरली आणि 1921 साली ती मोडली. सैन्य म्हणजे पगार, शिक्षण, पेन्शन आणि गावगाड्याच्या बाहेर पडण्याची वाट, हे सुभेदार रामजींच्या मुलाला कोणी सांगायला नको होते. नाशकात 1930 पासून काळारामाचे दार ठोठावले, ते उघडले नाही. 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. शिवाय चातुर्वर्ण्य भोगलेल्या माणसाला वंशश्रेष्ठत्वाच्या नाझी सिद्धान्ताचा धोका वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि चाकरी म्हणाल, तर 1942 च्या क्रिप्स योजनेने दलितांची निराशा केली तेव्हा बाबासाहेबांनी तिच्यावर टीका केली. 1946 मध्ये कॅबिनेट मिशनने पुन्हा तेच केले, तेव्हा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पुण्यात सत्याग्रह केला आणि कार्यकर्ते तुरुंगात गेले. असा चाकर कोणत्या मालकाला परवडेल?

परंतु येथे थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आपले गौरवलेखन 1943 चे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपासचे नोकऱ्यांतील आरक्षण सांगते, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सांगते. त्याच 1943 साली कोळसा कमी पडला म्हणून सरकारने स्त्रियांच्या भूमिगत खाणकामावरची बंदी उठवली आणि 1944 मध्ये कायदेमंडळात तिचे समर्थन करण्याचे काम मजूर सदस्य म्हणून बाबासाहेबांवर आले. बंदी पुन्हा लागू व्हायला 1946 उजाडले. त्या काळोखात उतरलेल्या स्त्रिया बहुतांशी दलित-आदिवासी होत्या. आपल्या किती चरित्रांत, किती कवितांत त्या आहेत? ज्यांनी युद्धनीतीची किंमत खाणीत मोजली त्यांचे नावही न घेता आपण तिची फळे मोजत असू, तर आपलेही माप खोटे आहे.

भक्ताला हिशेब नको असतो, अनुयायाला तो मांडावाच लागतो. म्हणून माझे विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना सांगणे आहे : सावरकर, कम्युनिस्ट आणि बाबासाहेब यांच्या युद्धकाळातील भूमिका शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : या युद्धातून कोणत्या माणसाला माणूसपण मिळणार होते आणि त्याची किंमत कोण देणार होते? या मापाने बाबासाहेबांची वाट उजळच ठरेल, असे मला वाटते. पण ती मोजून उजळ ठरली पाहिजे, पूजून नव्हे.